दाराशी ठेवलेली टोपली : मुलांची माध्यमे आणि अमेरिकेतील पालकांची शंभर वर्षे

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एक नियम केला. महिन्यातून एका रविवारी वंदनेसाठी आणि मुलांच्या मराठी वर्गासाठी आम्ही ज्या सभागृहात जमतो, त्याच्या दाराशी एक वेताची टोपली ठेवायची आणि आत येताना प्रत्येक मुलाने आपला मोबाइल तीत ठेवायचा. नियम एकमताने संमत झाला. अर्थात मत फक्त मोठ्यांचे घेतले होते, आणि मोठ्यांचे फोन त्यांच्या खिशातच राहिले होते.

त्या टोपलीत मुकाट्याने फोन ठेवणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलाची हकिकत आम्हाला फार उशिरा कळली. इंटरनेटवरील एका खेळात त्याच्याबरोबर खेळणाऱ्या काही भारतीय वंशाच्या मुलांनी त्याच्या आडनावावरून त्याची जात शोधून काढली होती. त्यानंतर आठ महिने तो रोज रात्री आपल्या खोलीत तेच शब्द ऐकत होता, जे ऐकू नयेत म्हणून त्याच्या आजोबांनी गाव सोडले होते. त्याने आईवडिलांना सांगितले नाही, वर्गातल्या शिक्षकांना सांगितले नाही, आम्हालाही सांगितले नाही. पुढे एकाने त्याला कारण विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही फोनच काढून घेतला असता, काका.”

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो, कारण ते खरे होते. आम्ही तेच केले असते. मुलांच्या रक्षणासाठी ठेवलेल्या टोपलीने त्या मुलाचे तोंड बंद केले होते.

ज्या देशात आम्ही मुले वाढवीत आहोत, त्या देशातील पालकांनीही हा प्रश्न पूर्वी अनेकदा सोसला आहे, याची जाणीव आम्हाला त्यानंतर झाली. अमेरिकेत गेल्या शंभर वर्षांत चित्रपट, नभोवाणी, कॉमिक्स, दूरचित्रवाणी, संगणक आणि मोबाइल अशी एकामागून एक माध्यमे घरात आली. प्रत्येक वेळी आईवडील भ्याले, प्रत्येक वेळी काहींनी बंदीची मागणी केली आणि काहींनी निराळी वाट शोधली. त्या वाटांचा इतिहास आमच्या घरांनाही उपयोगी पडेल, या विश्वासाने तो येथे मांडीत आहोत.

पहिली भीती चित्रपटाची होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकन मुले दर आठवड्याला चित्रपटगृहात जाऊ लागली आणि पडद्यावरील चोऱ्या, खून व चुंबने पाहून ती बिघडतील, अशी चिंता चर्च, शाळा आणि महिला मंडळे यांना वाटू लागली. १९२९ मध्ये पेन फंड या संस्थेच्या पैशातून समाजशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा मोठा अभ्यास हाती घेतला. डब्ल्यू. डब्ल्यू. चार्टर्स हे त्याचे प्रमुख होते. १९३३ पासून त्याचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचे सार असे की, चित्रपटाचा परिणाम होतो, पण तो सगळ्या मुलांवर सारखा होत नाही. मुलाचे वय, घर, शेजार आणि स्वभाव यांनुसार तो बदलतो. मात्र हा सावध निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. त्याच वर्षी हेन्री जेम्स फोरमन यांनी या अभ्यासांवर आधारलेले एक लोकप्रिय पुस्तक लिहिले आणि त्यातून चित्रपट मुलांना घडवतो व बिघडवतो, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

चित्रपट कंपन्यांनी १९३० मध्ये स्वीकारलेली आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली. अल्पवयीन प्रेक्षकांचे रक्षण हा तिच्या समर्थनाचा एक मोठा आधार होता. त्या संहितेत हिंसा आणि नग्नता यांवर मर्यादा होत्याच, परंतु गोऱ्या व काळ्या माणसांतील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवू नयेत, असेही तीत स्पष्टपणे म्हटले होते. मुलांच्या रक्षणाच्या नावाने काढलेल्या फतव्यात मोठ्यांचा वर्णद्वेष असा बेमालूम मिसळून गेला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

याच काळात नभोवाणीने दिवाणखान्यात प्रवेश केला. १९३३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल गावातील पालक-शिक्षक संघटनेच्या मातांनी मुलांचे कार्यक्रम स्वतः ऐकले आणि त्यांना गुण दिले. बहुतेक कार्यक्रम त्यांना नापसंत पडले. त्यांनी नापसंत केलेले कार्यक्रम मुलांचे आवडते निघावेत, हेही ओघानेच आले. तरी या मातांच्या कृतीत एक महत्त्वाची गोष्ट होती. दोष देण्यापूर्वी त्या स्वतः ऐकायला बसल्या होत्या.

दुसरे महायुद्ध संपले आणि कॉमिक्सचे पेव फुटले. दहा सेंटला मिळणारी ही रंगीत पातळ पुस्तके मुले स्वतःच्या पैशाने विकत घेत आणि आपापसांत फिरवीत. आईबापांच्या हातून न जाता मुलांपर्यंत पोहोचणारे हे माध्यम होते आणि त्याचा धसका त्यामुळेच अधिक होता. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या. होळी करणारे हात शाळकरी मुलांचे होते आणि प्रोत्साहन मोठ्यांचे होते.

या चळवळीचे सर्वांत परिचित नाव म्हणजे डॉ. फ्रेड्रिक वर्थम. त्यांना खलनायक ठरवण्याची पद्धत आहे, पण आमच्यासारख्या वाचकांना ती पटणार नाही. जर्मनीतून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या या मनोविकारतज्ज्ञाने १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, एका चर्चच्या तळघरात, गरीब काळ्या वस्तीसाठी लाफार्ग क्लिनिक उघडले. तेथे तपासणीची फी केवळ २५ सेंट होती. वेगळ्या शाळांत डांबल्याने काळ्या मुलांच्या मनावर कोणता घाव होतो, याविषयी त्यांनी डेलावेअरमधील खटल्यात साक्ष दिली. तोच खटला पुढे शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन निकालात समाविष्ट झाला. मुलांच्या वेदनेविषयी या माणसाला खरी कळकळ होती.

परंतु त्याच १९५४ मध्ये त्यांनी कॉमिक्सविरुद्ध ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात, असे त्यात ठासून सांगितले. एप्रिल महिन्यात सिनेटच्या उपसमितीपुढे न्यूयॉर्कमध्ये सुनावणी झाली. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःहून एक संहिता स्वीकारली व तिच्या अंमलबजावणीसाठी परीक्षक नेमले. संहितेचा शिक्का नसलेली पुस्तके वितरक घेईनात. अनेक प्रकाशनसंस्था बंद पडल्या. पुढे २०१० मध्ये वर्थम यांची कागदपत्रे संशोधकांना खुली झाली. कॅरोल टिली या अभ्यासिकेने ती तपासली, तेव्हा त्यांनी मुलांच्या मुलाखतींतील मजकूर सोयीने जोडला, गाळला आणि वाढवला होता, असे आढळले. मुलांच्या बाजूने बोलणाऱ्या डॉक्टरांनी मुलांचे म्हणणे पुरते ऐकून घेतले नव्हते.

त्या संहितेखालील एक प्रसंग आमच्या वाचकांनी जरूर जाणून घ्यावा. १९५३ मध्ये ईसी कॉमिक्सने ‘जजमेंट डे’ नावाची एक कथा छापली होती. पृथ्वीवरून एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीसाठी जातो. तेथे नारिंगी आणि निळे असे दोन वर्ग आहेत. दोघांची आतली यंत्रे अगदी एकसारखी, फरक केवळ वरच्या पत्र्याच्या रंगाचा, तरीही निळ्यांना वेगळी वस्ती आणि हलकी कामे. हा ग्रह अजून सुधारलेल्या जगात घेण्याच्या लायकीचा नाही, असा निर्णय देऊन अंतराळवीर परत निघतो. शेवटच्या चित्रात तो शिरस्त्राण काढतो, आणि तो काळा माणूस असल्याचे वाचकाला दिसते.

१९५६ मध्ये हीच कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा संहितेचे प्रमुख परीक्षक न्यायाधीश चार्ल्स मर्फी यांनी अंतराळवीर काळा असण्यालाच हरकत घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी बदल करण्यास साफ नकार दिला आणि कथा होती तशीच छापली. त्यानंतर लवकरच त्यांनी ‘मॅड’ वगळता कॉमिक्सचा व्यवसाय सोडला. मुलांना वाईटापासून वाचवण्यासाठी नेमलेल्या परीक्षकाला मुलांसमोर येऊ नये असे जे वाटले, ते समतेचे चित्र होते. कोणती गोष्ट मुलांसाठी अयोग्य, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती जातो, त्याचे पूर्वग्रहही त्या अधिकाराबरोबर जातात. बहिष्काराचा इतिहास पाठीशी असलेल्या आमच्या समाजाने तरी कोणतीही बंदी मागताना हे विसरू नये.

यानंतर दूरचित्रवाणी आली. १९६१ च्या मे महिन्यात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी वाहिन्यांच्या मालकांपुढेच या माध्यमाला अफाट ओसाड रान म्हटले. मुलांचे कार्यक्रम म्हणजे शनिवार सकाळची व्यंगपटांची रांग, आणि तिच्यामध्ये गोड खाऊच्या व खेळण्यांच्या जाहिराती. या रानात काही पिकवता येईल का, हा विचार जोन गान्झ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी केला. १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाले. शहरांतील गरीब वस्त्यांतली मुले शाळेत जाण्यापूर्वीच मागे पडतात, त्यांना अक्षरे व अंक घरबसल्या शिकता यावेत, हा त्याचा हेतू होता. त्या रस्त्यावर काळी व गोरी माणसे शेजारी म्हणून राहत. एवढ्या कारणावरून १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाने कार्यक्रम दाखवण्यास नकार दिला. देशभर टीका झाल्यावर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. मुलांसाठी काय योग्य, या प्रश्नाआड दडलेली वर्णभेदाची रेषा येथे तिसऱ्यांदा दिसली.

या कार्यक्रमाची परीक्षाही झाली. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने पहिल्या वर्षानंतर मुलांची चाचणी घेतली, तेव्हा जी मुले अधिक पाहत होती ती अधिक शिकल्याचे दिसले. १९७५ मध्ये थॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी फिरून तपासली. अभ्यासात निवडलेल्या काही घरांत कार्यकर्ते वारंवार भेट देऊन मुलांना कार्यक्रम पाहण्याचे प्रोत्साहन देत होते. अशा प्रोत्साहनाविना पाहणाऱ्या मुलांचा लाभ बराच कमी होता, असे त्यांनी दाखवून दिले. चांगला कार्यक्रमही एकट्या मुलापुढे लावून ठेवला तर अर्धाच कामाला येतो, त्याच्यामागे लक्ष घालणारे माणूस लागते, हा या फेरतपासणीचा आम्ही घेतलेला अर्थ आहे.

हे वाचताना आम्हाला घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आठवल्या. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा ज्यांच्यासाठी तो होता त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पुढची पत्रेही आमच्या पणजोबांच्या पिढीने डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ऐकली. वस्तीतला एखादा शिकलेला माणूस दिव्याशी बसून मोठ्याने वाची, भोवतीचे ऐकत, मध्येच थांबवून अर्थ विचारीत आणि वाद घालीत. वर्तमानपत्र हे एकट्याने गिळायचे माध्यम नव्हते, ते चारचौघांत चघळायचे होते. सोबत बसून पाहावे, असा सल्ला आज तज्ज्ञ देतात. आमच्या घरांनी त्याचा अनुभव फार पूर्वी घेतला आहे, तो फक्त दिवाणखान्यातून मुलांच्या खोलीपर्यंत पोहोचलेला नाही.

मात्र सगळा भार आईवडिलांच्या सोबत बसण्यावर टाकून चालत नाही. या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण हेच सांगते. १९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन या गावी पेगी चॅरन यांच्या घरी काही गृहिणी व माता जमल्या. मुलांच्या कार्यक्रमांचा सुमार दर्जा आणि त्यांमधून होणारा जाहिरातींचा मारा ही त्यांची तक्रार होती. त्यांनी ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्यामागे पैसा नव्हता, पक्ष नव्हता. त्यांनी पहिले काम केले ते मोजण्याचे. दूरचित्रवाणीसमोर वही घेऊन त्या बसल्या आणि कोणत्या कार्यक्रमात किती जाहिराती, कशाच्या, कोणाच्या तोंडून, हे टिपू लागल्या. मुलांच्या शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांत तासाला १६ मिनिटांपर्यंत जाहिराती असत. मोठ्यांसाठी रात्री दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत त्या याहून पुष्कळ कमी असत. ज्याला जाहिरात आणि गोष्ट यांतील भेदही कळत नाही, त्याच्यावरच अधिक मारा होत होता. काही कार्यक्रमांत तर मुलांची लाडकी सूत्रधार ताईच कार्यक्रम थांबवून खेळणी विकत असे.

१९७० मध्ये या महिलांनी वॉशिंग्टनला जाऊन आयोगाकडे मागणी केली की, मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती नसाव्यात आणि प्रत्येक वाहिनीने आठवड्याला किमान १४ तास मुलांसाठी द्यावेत. आयोगाने जनतेची मते मागवली, तेव्हा एक लाखाहून अधिक पत्रे आली. १९७२ मध्ये तीन औषध कंपन्यांनी मुलांना उद्देशून केलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या जाहिराती मागे घेतल्या. १९७४ मध्ये आयोगाने कडक नियम केले नाहीत, पण वाहिन्यांनी मुलांप्रति आपले विशेष कर्तव्य ओळखावे, असे धोरण जाहीर केले. सूत्रधारांनी माल विकण्याची प्रथाही थांबली आणि जाहिरातींचा वेळ उतरला.

पेगी चॅरन यांचे वेगळेपण येथे नोंदवले पाहिजे. अमुक कार्यक्रम बंद करा, अशी मागणी त्यांनी केली नाही. त्या सेन्सॉरशिपच्या उघड विरोधक होत्या आणि धर्माच्या नावाने कार्यक्रमांवर बहिष्कार घालू पाहणाऱ्या गटांच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या. मुलांना निवडीसाठी अधिक आणि चांगले मिळावे, आणि जे त्यांच्या अजाणपणावर पैसा मिळवतात त्यांनी जबाब द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्यांची वाट सरळ गेली नाही. १९७८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने लहान मुलांना उद्देशून होणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर बंदीचा विचार सुरू केला, तेव्हा खाऊ, खेळणी आणि जाहिरात यांचे धंदे एकवटले. एका प्रतिष्ठित वृत्तपत्राने त्या आयोगाला राष्ट्राची दाई म्हणून हिणवले. मुलांना आवरणे हे आईबापांचे काम, सरकारचे नव्हे, हा युक्तिवाद जिंकला आणि १९८० मध्ये काँग्रेसने कायदा करून आयोगाचे हात बांधले. पुढील वर्षी तो प्रस्तावच सोडून देण्यात आला. त्यानंतरचे प्रसारण आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर यांच्या लेखी दूरचित्रवाणी म्हणजे चित्रे दाखवणारा टोस्टर होता. १९८४ पर्यंत उरलेसुरले निर्बंधही उठले आणि खेळण्यांच्या विक्रीसाठीच रचलेल्या व्यंगपटांच्या मालिका सुरू झाल्या. पालकांनी निवड करावी हे म्हणणे वरवर रास्त दिसते, परंतु एका बाजूला दमून घरी आलेली एकटी आई आणि दुसऱ्या बाजूला हजारो कुशल माणसांचा उद्योग, अशी ही निवड होती.

चॅरन न्यायालयात गेल्या, काँग्रेसपुढे साक्षी देत राहिल्या. १९८८ मध्ये संमत झालेले विधेयक अध्यक्ष रेगन यांनी सही न करता मारले. अखेर १९९० मध्ये मुलांच्या दूरचित्रवाणीचा कायदा झाला. त्यावर अध्यक्ष बुश यांचीही सही नव्हती, सहीविनाच तो अमलात आला. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी १२ मिनिटे अशी मर्यादा पडली, आणि मुलांच्या शिक्षणाची गरज भागवणे हे वाहिन्यांचे कर्तव्य ठरले. वाहिन्यांनी लगेच पळवाटा शोधल्या. भविष्यकाळातील कुटुंबाचा ‘द जेटसन्स’ हा जुना व्यंगपट म्हणजे शिक्षण, असे काहींनी कागदोपत्री लिहून दिले. म्हणून १९९६ मध्ये आठवड्याला तीन तासांचा स्पष्ट नियम करावा लागला. चौदा तासांच्या मागणीतून तीन तास हाती आले, तेही २६ वर्षांनी. चॅरन यांनी १९९२ मध्ये संस्था विसर्जित केली होती. १९९५ मध्ये त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

त्याच १९९६ मध्ये एक नवी कल्पना कायद्यात आली. दूरचित्रवाणी संचात एक चकती बसवायची, म्हणजे पालक नको ते कार्यक्रम अडवू शकतील. २००० सालापासून १३ इंच वा त्याहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक नव्या संचात ही व्ही-चिप आली. फार थोड्या घरांनी ती वापरली. पुष्कळांना ती आपल्या संचात आहे हेही ठाऊक नव्हते. मुलाशी बोलण्याचे काम यंत्रावर सोपवण्याचा हा मोह आज मोबाइलमधील नियंत्रणाच्या सोयींतही आहे. त्या सोयी निरुपयोगी नाहीत, लहान मुलांच्या बाबतीत त्या जरूर वापराव्यात. पण कुलूप लावले म्हणून बोलणे झाले, असे होत नाही.

१९९८ मध्ये इंटरनेटवरील मुलांच्या खासगीपणाचा कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून लागू झाला. समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी जी तेरा वर्षांची अट दिसते, तिचे मूळ येथे आहे. आमच्यातील अनेक पालक समजतात की, तेरा हे वय मानसशास्त्रज्ञांनी सुरक्षित म्हणून ठरवले आहे. तसे मुळीच नाही. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करू नये, एवढेच त्या कायद्याचे सांगणे आहे. तेराव्या वाढदिवसाला मूल समंजस होते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. त्या दिवशी फक्त कायद्याचे एक कुंपण संपते, आणि आईवडिलांची सोबत अधिक लागते.

बालरोगतज्ज्ञांचा सल्लाही काळानुसार बदलला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९९९ मध्ये दोन वर्षांखालील बालकांना दूरचित्रवाणी दाखवू नये, असे सांगितले होते. २०१६ मध्ये तिने नवे मार्गदर्शन केले. दीड वर्षापर्यंत पडदा टाळावा, मात्र व्हिडिओवरून आप्तांशी बोलण्यास हरकत नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तास चांगले कार्यक्रम, तेही शक्यतो सोबत बसून. मोठ्या मुलांसाठी तासांचा एकच आकडा नाही. झोप, व्यायाम आणि अभ्यास यांना धक्का न लावणारे नियम प्रत्येक कुटुंबाने ठरवावेत आणि त्यासाठी घराचा स्वतःचा आराखडा करावा. व्हिडिओवरील भेटीला दिलेली ही सवलत आमच्यासारख्यांना मोलाची आहे. नागपूरच्या किंवा औरंगाबादच्या आजीला नातवंडांचे पहिले बोबडे बोल ऐकायला मिळतात ते याच पडद्यावर. जे यंत्र घराला घराशी जोडते तेच एका मुलाला रात्री एकटे पाडते, म्हणून फोन चांगला की वाईट, हा प्रश्नच आम्हाला अपुरा वाटतो.

काळजीचे कारण उरले नाही, असा याचा अर्थ नव्हे. मे २०२३ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी समाजमाध्यमे आणि कुमारवयीनांचे मानसिक आरोग्य यांविषयी इशारा दिला. ही माध्यमे मुलांसाठी पुरेशी सुरक्षित आहेत, असे आज म्हणता येत नाही, असे त्यांनी सांगितले. ऑस्ट्रेलियाने तर १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्या कायद्यात जबाबदारी मुलावर वा पालकावर नसून कंपन्यांवर आहे, हे न्यूटनच्या त्या मातांना आवडले असते. परंतु वयाची भिंत उभी राहिली की तिच्यामागे मुले बोलती राहतील की आणखी गप्प होतील, याचे उत्तर कायदा देणार नाही. ते प्रत्येक घरालाच द्यावे लागेल.

येथे एका फार जुन्या बापलेकाची आठवण होते. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध आपल्या कोवळ्या वयाच्या पुत्राला आरशाचा दृष्टान्त देतात. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे, त्याने स्वतःला वा दुसऱ्याला इजा होते का, ते विचारावे. आणि चूक घडलीच, तर ती जाणत्या माणसापुढे उघड करावी. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावे असे जे सात उपदेश सांगितले, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेशही आहे. त्याच्या शेवटच्या भागाकडे आम्ही आजवर दुर्लक्ष केले होते. मुलाने उघड करावे, तर ऐकणाऱ्याच्या हाती शिक्षेची टोपली असून कसे चालेल? त्या मुलाने तर कोणतीही चूक केली नव्हती. चूक त्याच्याशी केली गेली होती, तरीही तो आमच्यापाशी येऊ शकला नाही.

आमच्या मंडळाने गेल्या वर्षी तो नियम बदलला. नवा नियम ठरवताना मुलेही बसली होती, आणि पहिली सूचना एका तेरा वर्षांच्या मुलीची होती : वंदनेच्या वेळी सगळ्यांचे फोन बाजूला ठेवा, बाबांचे आणि काकांचेसुद्धा. ती मान्य झाली. दुसरी गोष्ट आम्ही मोठ्यांनी मुलांना शब्द म्हणून दिली. पडद्यावर काहीही भोगावे लागले आणि ते येऊन सांगितले, तर सांगितल्याबद्दल कोणाचाही फोन जाणार नाही. तिसरे काम न्यूटनच्या मातांकडून घेतले. जातीवरून झालेल्या छळाच्या नोंदी तारीखवार ठेवायच्या आणि तक्रार एकट्या कुटुंबाने न करता मंडळाच्या नावाने करायची. पहिल्या तक्रारीला ठरीव उत्तर आले. दुसऱ्या तक्रारीनंतर ती खाती बंद झाली. यश लहान आहे, आणि त्याच मुलांनी दुसऱ्या नावाने परत येणे मुळीच अवघड नाही, हेही आम्ही जाणतो.

टोपली अजून दाराशीच आहे. तीत आता वंदनेसाठी आणलेली फुले असतात. तो मुलगा सतरा वर्षांचा झाला आहे आणि लहान मुलांच्या वर्गाला शिकवण्यास मदत करतो. मागच्या महिन्यात वर्ग सुटल्यावर नऊ वर्षांचा एक पोरगा हातात फोन घेऊन त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, “दादा, यानं मला काय लिहिलंय बघ ना.” तो खाली बसला आणि दोघांनी मिळून ते वाचले.